शाल राष्ट्रप्रमुखासाठी होती

अकोल्याच्या फलाटावर दादाने माझा दंड जो धरला, तो गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

"तू परिषदेला चालला हे लोकांसाठी," तो म्हणाला. "माझ्यासाठी तू पोरीला समजवायला चालला. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. न ठेवून सांगतो कुणाला? महिनाभर घरात दुसरा विषयच नव्हता. दादाची मुलगी प्रज्ञा न्यू जर्सीतल्या विद्यापीठात पिकांच्या रोगांवर पीएचडी करत होती. त्याच न्यू जर्सीत दादाच्या मित्राचा मुलगा सुनील गजभिये कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, आणि त्याने कळवलं होतं की त्याच्या कंपनीत माणसं हवी आहेत, प्रज्ञाने हो म्हटलं तर कंपनी शिकवेल, नोकरी देईल, व्हिसाचंही बघेल. त्या वर्षांत आपल्याकडून अमेरिकेला निघालेलं प्रत्येक पोर कॉम्प्युटरकडेच धावत होतं. आमची पोरगी मात्र करपा आणि मर रोगात रमली होती.

दादा निवृत्त हेडमास्तर. त्याचं म्हणणं एका वाक्यात मावणारं होतं. "आपला बाप दुसऱ्याच्या वावरात राबून मेला. आपण शिकलो ते त्या वावरातून निघायला. आता पोरगी अमेरिकेत जाऊन पुन्हा मातीतच हात घालते, काहून?"

मी स्वतः कृषी विद्यापीठात मृदाशास्त्रज्ञ. म्हणजे माझी उभी नोकरी मातीत. तरी मला दादाचं पटत होतं, हे आधीच सांगून टाकतो. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस विचारतो, काय करता? मी सांगतो. तो म्हणतो, हो का, पण शेतीत शिकायचं काय असते? असा प्रश्न कुणी डॉक्टरला विचारत नाही. म्हटलं, माझं झालं ते झालं, पोरीच्या वाट्याला हे नको.

नेवार्कच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, सोबत माती, बी-बियाणं, रोपं काही आहे का? ज्याचं आयुष्य मातीत गेलं त्याला हा प्रश्न कुणी विचारू नये. मी इतकं सविस्तर उत्तर दिलं, की मागची रांग चुळबुळू लागली आणि त्या गृहस्थाने माझी बॅग तळापर्यंत उचकली. निघालं काय, तर मेतकूट, ठेच्याची बाटली आणि दोन कोऱ्या शाली. सत्कारात मिळालेल्या. आपल्याकडे थोडंफार नाव झालेल्या कुठल्याही माणसाचं कपाट उघडा, अशा शाली घडीवर घडी निघतील. त्या कुणी पांघरत नाही, पुढच्या सत्काराला पुढे सरकवतात. मी त्या सुनीलच्या बायकोला थंडीसाठी म्हणून नेल्या होत्या.

बाहेर सुनील आणि प्रज्ञा उभे होते. "जयभीम काका! फ्लाइट कशी झाली? थकला असाल यार तुम्ही," म्हणत सुनीलने बॅग हिसकावली. प्रज्ञा पाया पडली, तेव्हा तिच्या नखांत माती दिसली. दादाने पाहिली असती तर तिथेच सुरू झाला असता.

सुनील राहायचा ते पिस्कॅटवे हे गाव आहे की विद्यापीठाचं आवार, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एका रंगाची दुमजली घरं, मधे रुंद हिरवळ, चालणारं माणूस औषधालाही नाही. पण सुनीलच्या घरात शिरलो आणि नागपूरला आल्यासारखं वाटलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, ओट्यावर फोडणीचा वास. वैशाली, म्हणजे सुनीलची बायको, वांग्याची भाजी करत होती आणि त्यांची सात-आठ वर्षांची लेक करुणा टीव्हीपुढे बसली होती. मी तिला मराठीत नाव विचारलं, तिने इंग्रजीत सांगितलं. मी मराठीत शाळा विचारली, तिने इंग्रजीत वर्णन केलं. आमचा संवाद शेवटपर्यंत असाच चालला आणि दोघांचंही काही अडलं नाही.

मृदाशास्त्राची परिषद पार पडली. माझा निबंध वाचून झाल्यावर एका माणसाने प्रश्न विचारला, तोही जेवणाच्या वेळेबद्दल. असो.

मग शुक्रवारी दुपारी प्रज्ञा मला तिच्या काचघरात घेऊन गेली. आत ओलसर ऊब होती. लांबच लांब बाकांवर कुंड्या, कुंड्यांत बटाट्याची झाडं. निम्मी टवटवीत, निम्मी काळवंडलेली.

"हे माझे पेशंट, काका," ती हसून म्हणाली. "यांना मीच आजारी पाडते. आणि मग बघत बसते, कोण तगतं."

ती एकेक पान उलटून दाखवत होती. या पानावर डाग कसा सुरू होतो, खालून पांढरी बुरशी कशी धरते, ही जात किती झुंजते. बोलताना तिच्या हातांना उसंत नव्हती. मला दादाचा निरोप सांगायचा होता आणि तोंड उघडवेना. शेवटी तीच थांबली.

"बाबांनी पाठवलंय ना तुम्हाला?"

"हो."

"सुनीलदादाला सोमवारी उत्तर द्यायचंय मला. हो की नाही." तिने पान सोडलं. "माझ्यासोबत आलेले सगळे कॉम्प्युटरमध्ये गेले, काका. मी एकटीच उरले. मी बावळट आहे का?"

इथे मी म्हणायला हवं होतं, की नाहीस. म्हटलंही. पण पुढे 'पण' लावला. आजोबांचं सांगितलं, दादाचं दुखणं सांगितलं, पंगतीतला तो प्रश्न सांगितला. ती कुंडीतली माती बोटाने दाबत ऐकत राहिली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "सोमवारी हो म्हणून टाकते."

इतक्या सहज काम झालं. मी जिंकलो होतो. आणि सांगतो, त्या काचघरातून बाहेर पडताना मला जितकं वाईट वाटलं, तितकं माझ्या निबंधाला कुणी प्रश्न विचारले नाहीत तेव्हाही वाटलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणात सुनीलने विषय काढला. "काका, उद्या एक मस्त प्रोग्रॅम आहे. तुमच्या लाइनचा माणूस आहे. अ‍ॅग्रिकल्चरल सायंटिस्ट होता आणि देशाचा हेड झाला!"

"कुठल्या देशाचा?"

"एस्टोनिया. माझ्या ऑफिसात टोमास आहे ना, तो तिकडचा. म्हणजे जन्म इथलाच, आईवडील तिकडचे. त्यांच्या लोकांचं फार्म आहे साउथ जर्सीत. तिथे उद्या त्या माणसाचा प्रोग्रॅम आहे. मला म्हणाला, तुझे काका शेतीचे आहेत तर घेऊन ये."

एस्टोनिया मी नकाशात पाहिला होता. बाल्टिक समुद्राच्या काठचा इवलासा देश, सगळी माणसं मोजली तर आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्यात मावतील. पन्नास वर्षांच्या आसपास रशियाच्या टाचेखाली होता आणि काही वर्षांपूर्वीच सुटला होता. पण तो सुटला तेव्हा त्याच्या प्रमुखपदी शेतीशास्त्रज्ञ होता, हे मला नवं होतं. मी घास हातात घेऊन तसाच बसलो. शेतीशास्त्रज्ञ! आमच्यातल्या कुणाला साधं कुलगुरूपद मिळालं तरी आम्ही पेढे वाटतो, आणि इथे देश!

"मग सत्कार करायला पाहिजे," मी म्हणालो.

"शाल-श्रीफळ लागेल," वैशाली म्हणाली.

"शाल आहे!" मी ओरडलो.

नारळ सकाळी शेजारच्या एडिसन गावातल्या देशी दुकानातून घेतला. सुनीलने कॅमेऱ्यात नवा रोल भरला, तिथल्या मराठी मंडळाच्या अंकात फोटो द्यायचा म्हणून. मी सूट चढवला, टाय बांधला. प्रज्ञा तेवढी जीन्स आणि जुन्या शर्टवर आली. मी म्हटलं, "अगं, राष्ट्रप्रमुख आहे." ती म्हणाली, "फार्म आहे, काका." वैशाली करुणाच्या शाळेच्या कामामुळे घरीच राहिली, पण डबा भरून दिला. पोळ्या, कोरडी भाजी, माझाच ठेचा.

दक्षिणेकडे जाणारा रस्ता जसजसा लांबतो, तशी घरं विरळ होतात आणि पाइनची झाडं सुरू होतात. जमीन वाळूची, पांढुरकी, आंबट जातीची. आपली काळी कसदार माती पाहिलेल्या माणसाला या जमिनीची कीव येते. मी सुनीलला गाडी थांबवायला लावली, खाली उतरून मूठभर माती घेतली, बोटांत चोळली. मागच्या गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, काही मदत हवी का? त्याला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

शेताच्या फाटकावर निळा-काळा-पांढरा झेंडा होता. आत लाकडी सभागृह, पण सभागृहात कुणीच नव्हतं. सगळी गर्दी मागच्या शेतात. म्हातारे, बाया, पोरं, हातांत दातेरी फावडी आणि टोपल्या. वाफ्यावाफ्याला माणसं वाकलेली. बटाटे काढणं चाललं होतं.

"अरे बापा," मी म्हणालो, "ही तर इर्जिक!"

आपल्याकडे गावाने मिळून एकाचं शेत उरकायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, त्याला इर्जिक म्हणतात. यांच्याकडे त्याला तालगुद (सगळ्यांनी मिळून केलेलं काम आणि मागाहून जेवण) म्हणतात, हे मला नंतर कळलं. काढलेले बटाटे सगळ्यांच्या मालकीच्या तळघरात जातात आणि हिवाळाभर त्यांच्या सणासमारंभांना पुरतात.

"काका, पण हेड कोणता?" सुनील कुजबुजला. "सगळेच गोरे, सगळेच म्हातारे."

मी म्हटलं, "शेतीशास्त्रज्ञाला मी पाठमोरा ओळखतो. थांब."

आणि ओळखला. एका वाफ्याच्या टोकाशी उंच, पांढऱ्या केसांचा एक म्हातारा उकिडवा बसला होता. त्याने मातीचं ढेकूळ उचललं, दोन बोटांत फोडलं, नाकाशी नेलं. हे पुस्तकात शिकवत नाहीत. माझी खात्री पटली. मी टाय नीट केला, चिखल तुडवत गेलो, नमस्कार केला आणि इंग्रजीत भाषण सुरू केलं. भारतातल्या तमाम कृषी शास्त्रज्ञांच्या वतीने वगैरे. म्हातारा उठून उभा राहिला. मी शाल त्याच्या खांद्यांवर घातली, नारळ हातात दिला. सुनीलने फ्लॅश उडवला. आजूबाजूच्या लोकांनी फावडी टेकवून टाळ्या वाजवल्या.

म्हाताऱ्याने शालीकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं.

"फार आभारी आहे," तो म्हणाला. "मी यूहान. नळांची कामं करतो. तुमच्या देशात नळवाल्यांना हे देतात?"

तेवढ्यात टोमास धावत आला. त्याला काय झालं ते समजलं आणि तो हसत जमिनीवर बसायचाच बाकी राहिला. राष्ट्रप्रमुख इथे नव्हते, येणारही नव्हते, ते आपल्या देशात होते. कार्यक्रम म्हणजे जेवणानंतर त्यांच्याविषयी बोलणं, आणि बोलणारी बाई त्यांच्या कृषी महाविद्यालयात शिकलेली. आता आपल्याकडे एखाद्या माणसाचा कार्यक्रम म्हटलं की सत्कारमूर्ती व्यासपीठावर बसलेला असतोच, तो नसेल हे आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सुनील कॅमेरा पाठीमागे लपवत होता. प्रज्ञा तोंडावर हात धरून हसत होती, आणि शुक्रवारपासून मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होतो.

मी शाल परत घ्यायला हात पुढे केला. यूहान एक पाऊल मागे सरला.

"दिलेलं परत घेतात तुमच्यात?"

"नाही, नाही..."

"मग झालं," म्हणत त्याने शालीची गाठ मारली आणि नारळ बगलेत धरून पुन्हा वाफ्याकडे वळला. शाल दिवसभर त्याने उतरवली नाही.

मलाही कुणीतरी फावडं दिलं. कोट काढला, टाय खिशात कोंबला आणि वाकलो. प्रज्ञा कधीच कामाला लागली होती. तिच्या शेजारी एक जाडजूड, लाल गालांची, साठीची बाई होती. तिचं नाव साल्मे. हीच ती बोलणारी बाई, एस्टोनियातून बहिणीकडे आलेली. तिला इंग्रजी येत नव्हतं, प्रज्ञाला एस्टोनियन येत नव्हतं. दोघी बटाटे आणि पानं एकमेकींना दाखवत होत्या, मान डोलवत होत्या, बस.

जेवण झाडांखाली लांब टेबलांवर होतं. राय नावाच्या धान्याच्या पिठाचा काळा, घट्ट, आंबूस पाव, त्याला लेइब म्हणतात. बिटाची कोशिंबीर, मिठातले मासे, उकडलेले बटाटे. स्यूल्ट (मांस शिजवून थंड गोठवलेलं) मी साबुदाण्याची खीर समजून भरपूर वाढून घेतलं आणि मग संपवताना नाकी नऊ आले. जेवायला बसलेल्यांजवळून जाणारा प्रत्येक जण म्हणत होता, "यॅत्कु लेइबा." म्हणजे, तुमची भाकर सरू नये. मी आमचा डबा उघडला आणि यूहानला पोळीवर ठेचा दिला. तो लाल झाला, डोळे पुसले, मग पोळी पुढे करून म्हणाला, "आणखी."

मग साल्मे उठली. ती बोलायची, टोमास इंग्रजीत सांगायचा. बेटावरच्या शेतकऱ्याच्या घरचा मुलगा. शेती शिकला, गुरांवर संशोधन केलं, मोठं शेत चालवलं, मग कृषी महाविद्यालयाचा प्रमुख झाला. तिथून राजकारणात. आणि देश सुटला त्या दिवसांत, रस्त्यावर रणगाडे उतरलेले असताना, देशाच्या प्रमुखपदी तोच होता.

"रशियनांच्या सरकारातही तोच होता," यूहान मधेच मोठ्याने म्हणाला. टेबलावर चुळबुळ झाली. मला म्हणाला, "या माणसावरून आमच्यात दोन तट आहेत. मी कायम म्हणायचो, गाईगुरांच्या माणसाला राजकारण काय कळतं? पण त्या ऑगस्टमध्ये मी टीव्हीपुढून हललो नाही. वाटत होतं, आता गोळ्या सुटतील. सुटल्या नाहीत. देश मोकळा झाला आणि एकही माणूस मेला नाही. मग मी गप्प बसलो." एवढं सांगून तो पुन्हा ठेच्याकडे वळला.

प्रज्ञाने हात वर केला. टोमासला म्हणाली, "साल्मेमावशींना विचार, शिकून पुन्हा शेतीतच का गेलीस, असं त्यांना घरी कुणी विचारलं नाही?"

मावशी हा शब्द टोमासला समजावण्यात थोडा वेळ गेला. साल्मेला प्रश्न दोनदा सांगावा लागला, कारण तिला तो प्रश्नच वाटत नव्हता. मग ती म्हणाली, "शेत रशियन सरकारने घेतलं होतं. डोक्यातली शेती कोण घेणार?"

मला दादा आठवला. यांची शेतं हिसकावून घेतली होती. आमच्याकडे हिसकावण्यासारखं काही नव्हतंच. तरी ते वाक्य कुठेतरी आत जाऊन बसलं, आणि मी प्रज्ञाकडे बघायचं टाळलं.

जेवण झाल्यावर टोपल्या तळघरात न्यायला सुरुवात झाली. तळघर म्हणजे टेकाडात खणलेली थंड खोली, तिच्या तोंडाशी यूहान उभा राहून टोपल्या आत घेत होता. मी मधे एका दगडावर बसून बुटातला चिखल काढत होतो. एवढ्यात मागून प्रज्ञाचा आवाज आला.

"स्टॉप! प्लीज, आत टाकू नका!"

तिच्या हातात बटाटा होता, दुसऱ्या हातात चाकू. बटाट्याची साल तिने थोडी काढली होती आणि खाली तांबूस, गंजल्यासारखा पट्टा दिसत होता.

"करपा आहे," ती म्हणाली. "पानं पिकून वाळलेली नाहीत, रोगाने गेलीत. हे बटाटे तसेच आत गेले तर बाकीचेही सडतील. सगळेच."

सगळे थांबले. यूहानचा चेहरा कडक झाला. हे वाफे त्याचे. म्हणजे शेत सगळ्यांचं, पण दर वर्षी लावायचा, राखायचा तोच.

"पोरी," तो म्हणाला, "तुझ्या जन्माच्या आधीपासून मी इथे बटाटे लावतोय. दर सप्टेंबरात पानं अशीच वाळतात."

"अशी नाही वाळत, सर." ती पळत वाफ्यात गेली, सावलीतलं एक हिरवट पान तोडून आणलं आणि उलटं करून त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. खाली पांढरी बुरशी.

आता सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सूटवाला शास्त्रज्ञ मी, भाषण देणारा मी. टोमासने विचारलं, "सर, तुमचं काय मत?" प्रज्ञाही माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात काचघरातली ती भीती होती, की मी पुन्हा 'पण' लावणार.

मी तो बटाटा हातात घेतला. खरं सांगतो, सकाळपासून मी तसले कितीतरी बटाटे टोपलीत टाकले होते आणि मला काही दिसलं नव्हतं.

"मला यातलं कळत नाही," मी म्हणालो. "हिला कळतं. ही म्हणते तसं करा."

साल्मे गर्दीतून पुढे आली. तिने बटाटा घेतला, वास घेतला, पान उजेडात धरलं. "लेहेमॅदानिक," ती म्हणाली. म्हणजे पानकूज, आपला करपाच. मग ती यूहानशी एस्टोनियनमध्ये काहीतरी फाडफाड बोलली आणि प्रज्ञाकडे वळून दोन्ही हात पसरले. आता काय करायचं, हे विचारायला भाषा लागत नाही.

आणि मग आमची पोरगी बोलायला लागली. काढलेले बटाटे धुवायचे नाहीत. सावलीत पसरा, डाग असलेले वेगळे करा, खड्ड्यात पुरा. उरलेल्या वाफ्यांतला एकही बटाटा आज काढायचा नाही. सगळा पाला कापा, शेताबाहेर न्या, जमीन दोन-तीन आठवडे तशीच राहू द्या, मग कोरड्या दिवशी काढा. टोमास तिच्या मागोमाग एस्टोनियनमध्ये ओरडून सांगत होता. मग यूहानने नारळ तळघराच्या कट्ट्यावर ठेवला, माझी शाल कमरेला घट्ट बांधली, भिंतीवरचा विळा उचलला आणि पहिल्या वाफ्यात जाऊन वाकला. त्याच्यामागे सगळे गेले.

ती वाफ्यांच्या मधे उभी होती. कुणी तिला विचारायला येई, ती दाखवी, तो माणूस मान हलवून परत जाई. टोपी घातलेला एक म्हातारा तर टोपी काढून विचारत होता. पाला तुटत होता, बाहेर ढीग होत होता, बाया बटाटे निवडत होत्या. ज्यांचं शेत होतं, ज्यांचे बटाटे होते, ती सगळी माणसं माझ्या भावाच्या मुलीचं ऐकत होती. आमचा बाप मालकाच्या बांधावर उभा राहताना खाली बघायचा. हुकूम आला की मान हलवायचा, निघायचा. मला त्या पाइनच्या झाडांखाली रडू फुटलं. अगदी हुंदका. सुनील धावत आला, "काका, काय झालं? ठेचा लागला का?" मी म्हटलं, "हो रे बाबा, ठेचाच." पण मग म्हटलं, खोटं कशाला बोलू? "अरे, बघ तिच्याकडे," मी म्हणालो. "बघ ना." सुनीलने पाहिलं. मग त्याने कॅमेरा काढला आणि उरलेला सगळा रोल तिच्यावर संपवला.

मीही विळा घेतला. संध्याकाळपर्यंत पाठ मोडली. निघताना यूहानने प्रज्ञापुढे हात केला, तिने मातीचा हात पुढे केला, आणि त्याने तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवला. म्हणाला, "पुढच्या वर्षी लावायच्या आधी ये. कुठली जात लावायची ते तू सांग."

बरंच अंतर गेल्यावर मागच्या सीटवरून प्रज्ञा म्हणाली, "काका, सोमवारी काय सांगू?"

"कॉम्प्युटरचं नाव काढशील तर बघ," मी म्हणालो.

"आणि बाबा?"

"दादाला मी बघतो."

"अरे यार काका," सुनील स्टिअरिंगवरून ओरडला, "मी इथेच बसलोय ना! सोमवारची काय गरज? आत्ताच कॅन्सल करा."

"कॅन्सल, सुनीलदादा," प्रज्ञा म्हणाली आणि मोकळी हसली. मग आम्ही तिघेही हसत सुटलो, आणि एका पेट्रोल पंपावर थांबून इतकी वाईट कॉफी प्यालो, की तिच्यावरही हसलो.

परतीच्या विमानात मला तो न भेटलेला माणूस आठवत राहिला. त्याला मी पाहिलं नाही, पुढे पाहण्याचा योगही नाही. त्याच्या राजकारणावरून त्याच्याच लोकांत दोन तट आहेत, ते त्यांचं ते बघतील. पण गुरांचा, पिकांचा अभ्यास केलेला माणूस देशापुढे उभा राहू शकतो, एवढं कळायला मी पन्नाशी ओलांडली होती आणि अमेरिका गाठली होती. आता पंगतीत कुणी विचारलंच, शेतीत शिकायचं काय असते, तर त्याला सांगायला माझ्याकडे बरंच काही होतं. एका निरोपासाठी गेलो आणि तो निरोप साफ बिघडवून परत आलो, आणि माझी छाती अशी फुगली होती, की शेजारच्या प्रवाशाला मी हा सगळा किस्सा दोनदा ऐकवला.

अकोल्याला दादा फलाटावर उभाच होता.

"झालं काम?"

"नाही झालं. उलटं झालं."

तो घरापर्यंत ऑटोत तोंड बाहेर करून बसला. घरी वहिनीने चहा ठेवला आणि मी सांगायला लागलो. शाल ऐकून वहिनी हसली, दादा हसला नाही. गोष्ट तळघराशी आली तेव्हा त्याने बशी खाली ठेवली.

"मालक लोक होते ते?"

"मालक. वावर त्यांचं, माल त्यांचा."

"आणि ही सांगत होती?"

"सांगत होती."

"उभी राहून?"

"मधोमध उभी राहून."

"ऐकलं त्यांनी?"

"दादा, टोपी काढून ऐकलं."

दादाने बशी बाजूला सारली. म्हणाला, "पुन्हा सांग. हळू सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "चल." आम्ही चौकातल्या एसटीडी बूथवर गेलो. दादा कधी स्वतः नंबर फिरवत नसे, त्या दिवशी त्याने फिरवला. पलीकडे घंटी वाजत होती तोवर तो घसा खाकरत होता. मातीतून बाहेर पड, हे जे बोलणं तो महिनाभर घोकत होता ते मला तोंडपाठ होतं, म्हणून मी दाराशी उभा राहून त्याचीच वाट बघत होतो.

"प्रज्ञा? मी बोलतो," तो म्हणाला. "तिकडं गारठा सुरू झाला असंन. वावरात जाताना पायात चांगले बूट घालत जा, बेटा."

मग त्याने फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.